सुबाभूळवाल्या मॅडम

शाळेत रुजू होऊन मला आठवडाही झाला नव्हता. कारंजा घाडगेहून हायवेनं थोडं पुढे गेलं की आत वळणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव आणि गावाच्या टोकाला शाळा. नववीच्या वर्गात मी जमिनीचे प्रकार शिकवत होतो. फळ्यावर 'पडीक जमीन' असं लिहिलं आणि खिडकीतून दिसणाऱ्या हिरव्या टेकडीकडे बोट दाखवून म्हटलं, "ही समोरची गायटेकडीच घ्या. पूर्वी ती अशीच पडीक होती."

मुलं दाराकडे बघत होती. दारात एक ठेंगण्या, सावळ्या बाई उभ्या होत्या. आभाळ स्वच्छ होतं, ऊनही कोवळं होतं, तरी हातात लांब दांड्याची काळी छत्री होती.

"सर, तास संपल्यावर कृपया प्रयोगशाळेत येता का?" त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

नलिनी पोहाणे मॅडम. विज्ञान शिकवायच्या. तास संपल्यावर मी गेलो, तर त्यांनी टेबलाच्या खणातून फुटाण्यांचा डबा काढून माझ्यापुढे ठेवला. वर्गाच्या दारात ऐकलेली पुस्तकी भाषा त्यांनी छत्रीबरोबर कोपऱ्यात ठेवून दिली होती.

"घ्या. मले सांगा सर, पडीक म्हंजे का?"

"जिथं काही पिकत नाही ती."

"कोनासाठी पिकत नाई?"

मी डब्यातला एक फुटाणा उचलला.

"गावच्या साऱ्या गाई त्या टेकडीवर चरत होत्या. कमरेएवढं गवत राहे. गाईले इचारलं असतं, तर तिनं पडीक म्हनलं असतं का?" त्यांनी चार फुटाणे स्वतःच्या तोंडात टाकले. "पुस्तकात असंन तर शिकवा. परीक्षेत इचारतात. पन बोट दाखवून नका सांगू. त्या टेकडीचं मले माहीत हाय."

बोलण्यात राग नव्हता. तरी मी उठलो तेव्हा मला परीक्षेला बसल्यासारखा घाम फुटला होता. बाहेर शिपाई सुखदेव उभा होता. तो हसून म्हणाला, "पडीक म्हनले का सर तुमी? सुबाभूळवाल्या मॅडमसमोर?"

गावात त्यांना हेच नाव होतं. पुढे कळलं की हे नाव आधी कौतुकानं पडलं होतं, आणि नंतर नाव तेच राहून त्यातलं कौतुक हळूहळू झडून गेलं होतं.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मॅडम नोकरीला लागल्या. वय चोवीस. तेव्हा गावोगाव झाडं लावायची मोहीम होती, आणि सगळीकडे एकाच झाडाचं नाव होतं. सुबाभूळ. परदेशातून आलेलं, वर्षात डोक्यावर जाणारं, सरपण देणारं, जनावरांना पाला देणारं झाड. शाळेत बियांचं पोतं आलं. मॅडमनी मुलांना हाताशी घेतलं. बियांचं कवच टणक, म्हणून त्या उकळत्या पाण्यातून काढून भिजत घालायच्या, मग पिशव्यांत लावायच्या. पावसाळ्यात प्रत्येक मुलानं दहा रोपं टेकडीवर न्यायची. ती टेकडी म्हणजे गावाच्या चराईची, सरकारी कागदात ई-क्लास म्हणतात तसली जमीन.

पहिल्या दिवशी वर तुळशीराम गवळी काठीला टेकून उभे होते. त्यांच्याकडे गवळाऊ गाई होत्या, पांढऱ्याशुभ्र, उंच. ते म्हणाले, "बाई, गवताले झाकता काऊन?"

चोवीस वर्षांच्या मॅडमनी उत्तर दिलं होतं, "गवताचा काय उपयोग बाबा? ही जमीन पडीक आहे."

हा संवाद मला मॅडमनीच सांगितला. सांगताना स्वतःचं वाक्य त्या मुद्दाम शुद्ध भाषेत म्हणायच्या, जसं तेव्हा म्हटलं होतं तसं. तुळशीरामांनी पुढे काही म्हटलं नाही. गाई वळवून ते खाली उतरले.

दुसऱ्या झाडांची रोपं त्या मुरमाड उतारावर मे महिन्यात जळून गेली. सुबाभूळ जगली. मुळं खोल गेली. मुळांवरच्या गाठी हवेतलं खत स्वतःच मातीत ओढून आणत, त्यामुळे मुरूम असो की खडक, तिचं अडत नव्हतं. पहिल्याच वर्षी काही झाडांना पांढरे गोंडे आले. पुढच्या वर्षी शेंगा. जिल्ह्याच्या ठिकाणी मॅडमचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. सुबाभूळवाल्या मॅडम!

घोडीची गोष्ट त्यानंतरची. ती मी सुखदेवकडून ऐकली आणि मॅडमनी ती कधी नाकारली नाही. कारंज्याला वरातीची घोडी ठेवणारा एक जण होता. फुकटचा हिरवा पाला बघून त्यानं ऐन लग्नसराईच्या आधी दोन महिने घोडीला टेकडीवरची सुबाभूळ खाऊ घातली. घोडी धष्टपुष्ट झाली, पण तिच्या शेपटीचे केस झडायला लागले. आयाळही गेली. एके सकाळी तो घोडी घेऊन थेट शाळेत आला. प्रार्थना चालू होती.

"मॅडम, पाहा हे! नवरदेव हिच्यावर बसन का? लोक म्हनतीन, गाढव आनलं!"

मुलं हसून लोळली. मॅडम हसल्या नाहीत. घोडीला हात लावून पाहिलं, कृषी महाविद्यालयाला पत्र लिहिलं. उत्तर आलं की त्या पाल्यात असा एक अंश असतो की घोड्याला तो सोसत नाही, केस झडतात. पाला बंद केला की परत येतील. पण मुहूर्त थांबणार होते थोडेच? तेव्हा मॅडमनी अंबाडीच्या सालीचा वाख आणून काळा रंगवला, त्याची शेपटी वळली आणि घोडीला बांधून दिली. त्या हंगामातल्या सगळ्या वराती अंबाडीच्या शेपटीनं झाल्या. मॅडमनी एका वहीत नोंद मात्र केली. "ज्या झाडाबद्दल मी पोरायले सारं सांगत होती," त्या मला म्हणाल्या, "त्याची मलेच इतकी माहिती नव्हती, तवा मले पहिल्यांदा भेव वाटलं."

मग ती वही भरत गेली. सुबाभूळ लावली नव्हती तिथं उगवू लागली. नाल्याच्या काठानं पाण्याबरोबर खाली उतरली, जनावरांच्या शेणातून शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आली. एकदा समुद्रापारचाच एक बारीक किडा तिच्यामागे इथवर आला. पानं गळून टेकडी खराट्यासारखी झाली. गावाला वाटलं, गेली. दोन-तीन पावसाळ्यांत ती होती तशी उभी राहिली. तिच्याखाली मात्र गवत उरलं नाही. आधी पवन्या गेला, मग मारवेल. सावलीत नुसती सुबाभळीचीच पोरं, वाफ्यात पेरल्यासारखी दाट. तुळशीरामांच्या गाई एकेक करून विकल्या गेल्या. टेकडीचं नाव तेवढं गायटेकडी राहिलं.

मी मॅडमना पाहिलं ते या सगळ्यानंतर. तोवर त्यांच्या सवयी पक्क्या झाल्या होत्या. छत्रीच्या टोकाला त्यांनी लोहाराकडून लोखंडी टोपण बसवून घेतलं होतं. शाळेच्या वाटेवर रोप दिसलं की टोक खुपसून मुळासकट बाहेर. हिवाळ्यात वाळलेल्या शेंगा वाऱ्यानं खुळखुळायला लागल्या की मुलं त्या खेळायला आणत. मॅडम फाटकाशी पोतं घेऊन उभ्या. "शेंगा इथं टाका. अंदर नेऊ नका." जमलेल्या शेंगा खिचडीच्या चुलीत जायच्या. नव्या शिक्षकांना हा प्रकार विचित्र वाटे. मुलांना वाटत नसे, कारण त्यांच्या आईबापांनीही त्याच फाटकावर खिसे रिकामे केले होते.

पण झाडाला कुणी शिव्या दिलेल्या त्यांना खपत नसे. एकदा स्टाफरूममध्ये कुणीतरी सुबाभळीला 'हरामी झाड' म्हटलं. मॅडम वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्यानं का केलं बाप्पा? त्याच्या मुलखात त्याले खानारे असतीन, दाबनारे असतीन. इथं आपन त्याले आनलं, गरम पान्यानं आंघोळ घातली, अन् मोकळं रान देल्लं. आता ते वाढून राह्यलं तर झाड हरामी?"

माझ्या नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी गावानं टेकडी साफ करायचं ठरवलं. यंत्रं आली, पंधरा दिवसांत टेकडी बोडकी झाली. पेढे वाटले. मॅडम पेढा हातात घेऊन उभ्या होत्या. सरपंचांना म्हणाल्या, "बुंधे ठेवले तुमी. अन् बी तर मातीतच हाय. धा वर्सं, पंधरा वर्सं जागं राह्यते थे. आता ऊन भेटलं त्याले."

"मॅडम, तुमाले आनंदच होत नाई कशाचा," सरपंच म्हणाले.

पावसाळा लागला. प्रत्येक बुंध्यातून सात-आठ फोक फुटले. मधल्या उघड्या मातीत इतकी रोपं आली की पाय ठेवायला जागा नाही. दुसऱ्या वर्षी टेकडी आधीपेक्षा दाट होती. मॅडमनी कुणालाही 'मी म्हटलं होतं' असं ऐकवलं नाही. फक्त त्या दिवसांत फुटाण्यांचा डबा खणातून बाहेर आला नाही.

मग त्यांच्या निवृत्तीचा दिवस आला. शाळेच्या पटांगणात मंडप, संस्थेचे पदाधिकारी, जुने विद्यार्थी. एका पाहुण्यानं जोरदार भाषण केलं: उजाड टेकडीला हिरवा शालू नेसवणाऱ्या आपल्या पोहाणे मॅडम! टाळ्या झाल्या. मॅडम उत्तराला उठल्या. माइक त्यांच्या उंचीला आणेपर्यंत थोडा वेळ गेला.

"टेकडी उजाड नव्हती," त्या म्हणाल्या. "तिच्यावर गवत होतं. मी ते घालवलं. माझ्यासोबत तुम्हा सगळ्यांच्या हातानं घालवलं, तुम्ही तेव्हा लहान होता, म्हणून दोष माझा. सत्काराबद्दल आभारी आहे."

आणि त्या बसल्या. मुख्याध्यापकांनी घाईनं राष्ट्रगीत लावलं. नंतर जेवताना बरेच जण त्यांच्यापासून जरा लांबच बसले. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. त्या शांतपणे वरणभात कालवत म्हणाल्या, "सर, उद्या तुमची गाडी रिकामी हाय का? मले तुळशीरामबाबाकडे जायचं हाय."

तुळशीराम आता ऐंशीच्या पलीकडे होते. ओसरीत बाजेवर पडून असत. गोठा होता, त्यात मोटरसायकल उभी होती. मॅडम बाजेजवळ जमिनीवर बसल्या.

"बाबा, मी पोहाणे. शाळेतली."

"वळखतो. सुबाभूळवाली."

"तुमी तवा म्हनलं होतं, गवताले झाकू नको. मी आयकलं नाई. माही चूक झाली बाबा."

म्हातारा वर आढ्याकडे बघत राहिला. मग तो म्हणाला, "आता येऊन का फायदा? गाई गेल्या."

"हो."

"शेवटची होती ना, मोती. तिले मी स्वोता बाजारात नेलं. खुट्याले बांधली अन् मांगं पाह्यलंच नाई."

मॅडमची मान खाली. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. तुळशीरामांनी हात लांब केला आणि मॅडमच्या डोक्यावर ठेवला. आजोबा नातीच्या डोक्यावर ठेवतात तसा.

"तू लेकरू होती तवा. अन् मीबी कुठी भांडलो? शिकलेली बाई हाय, मी अडानी, का बोलू तिच्याशी, म्हनून गाई घेऊन गेलो. मी अडून बसलो असतो त... जाऊ दे. मसनवटीच्या कुपाजवळ पाह्यलं का? तिथं ना कोनी झाडं लावली, ना कोनी गुरं नेली. पवन्या असंन तिथं अजून. मारवेलबी. दिवाळीच्या मांगं बी धरते. वरून हात फिरवजो, पिकलेलं असंन थे हातात येते. ओढजो नको."

परतताना मॅडम गाडीवर मागे बसल्या होत्या. स्मशानाशी आल्यावर म्हणाल्या, "थांबा." काटेरी कुंपणाच्या आत गुडघ्याएवढं गवत वाऱ्यावर हलत होतं. निवृत्तीनंतरचा तो त्यांचा पहिला दिवस.

त्यानंतरची सात-आठ वर्षं मॅडमनी टेकडीवर काढली. अख्ख्या टेकडीच्या नादी त्या लागल्या नाहीत. माथ्याजवळचा एक तुकडा निवडला. मोठ्या झाडांची साल बुडाशी गोल सोलायची, की झाड उभ्या-उभ्या वाळतं. पाऊस पडून माती मऊ झाली की रोपं मुळासकट उपटायची, गोंडा यायच्या आत. मग तिथं गवताचं बी फेकायचं. गवत दाट झालं की सुबाभळीच्या रोपाला डोकं वर काढणं अवघड जातं. तोवर दर पावसाळ्यात तीच माती, तीच रोपं. मी सुट्टीच्या दिवशी जायचो. माझी कंबर तासाभरात धरायची, मॅडम पुढे सरकलेल्या असायच्या.

पहिल्याच वर्षी गिरजाबाई आडवी आली. ती टेकडीवरून सरपणाचे भारे नेऊन विकायची. कोयता कमरेला, हात कमरेवर.

"मॅडम, तुमीच लावलं, अन् आता तुमीच उपटून राह्यल्या? माही चूल त्यायच्यावर पेटते. माह्या दोन पोरींचे लग्न झाले त्यायच्यावर. माह्यासाठी तुमी का उगवनार हाय इथं?"

दोन दिवस मॅडम टेकडीवर गेल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी गिरजाबाईच्या घरी गेल्या. ठरलं ते असं: रस्त्याकडच्या उतारावरची सुबाभूळ गिरजाबाईची, तिला कुणी हात लावायचा नाही. माथ्यावरची गिरजाबाईनं आधी तोडायची, लाकूड तिचं, आणि बुंधा सोलायचा मॅडमनी. पुढे गिरजाबाईच सोलायला लागली. "मॅडमच्या हातात जोर नाई. नुसती साल कुरवाळतात," असं ती मला सांगायची.

तुळशीराम दुसऱ्या वर्षी गेले. गवताचं पहिलं पातं त्यांनी पाहिलं नाही, पण पवन्याच्या बियांची एक मूठ मॅडमनी त्यांना नेऊन दाखवली होती. ती हुंगून ते म्हणाले होते, "हं, हेच."

मग मॅडमचे गुडघे गेले. मुलगा वर्ध्याजवळ पिपरी मेघेला राहतो, तो येऊन त्यांना घेऊन गेला. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. मी भेटायला जायचो तेव्हा त्या गॅलरीत बसलेल्या असत. टेकडीबद्दल विचारायच्या नाहीत. शाळेचं, सुखदेवच्या जावयाचं, गावात कोण आलं-गेलं ते विचारायच्या. एकदा मीच म्हटलं, "मॅडम, गवत बरं आहे." त्या म्हणाल्या, "बरं म्हंजे किती?" मी हात कमरेजवळ नेला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं गृहपाठ न करता हो म्हणणाऱ्या मुलाकडे पाहतात.

म्हणून गेल्या वर्षी दिवाळीनंतर मी गाडी केली आणि त्यांना घेऊन आलो. माथ्याकडे मागच्या बाजूनं गाडीवाट जाते. शेवटची पन्नास पावलं त्या माझा हात धरून, दर पाच पावलांना थांबत चालल्या. त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्या वारल्या. मला मात्र मॅडम आठवतात त्या दुपारच्याच.

टेकडीचे चारातले तीन भाग सुबाभूळच होती, आजही आहे. पण माथ्यावर दोन-अडीच एकर गवत उभं होतं. पिकून तांबूस-सोनेरी झालेलं, कमरेच्याही वर. मॅडमनी माझा हात सोडला. चपला काढल्या आणि आत शिरल्या. दहा-बारा पावलांवर बसल्या. वरून फक्त पांढरे केस दिसत होते. मी गवताच्या कडेला थांबलो. त्या रडत होत्या की नुसत्या बसल्या होत्या, मला माहीत नाही. मी पाहायला गेलो नाही.

एवढ्यात खालून एक तरुण बाई दोन गाई हाकत वर आली. गावात नवी सून असावी, मी तिला ओळखत नव्हतो. गाई तिनं बाहेरच खुंट्याला बांधल्या, विळा काढला आणि गवतात कुणीतरी बसलेलं पाहून तिथूनच ओरडली,

"ओ आजी! उठा, उठा तिथून! गवत मोडते ना! कापनी व्हायची हाय अजून. बसाले जागा नाई भेटली का दुसरी?"

मी तिला सांगायला पुढे झालो. मॅडमनी गवतातून हात वर करून मला थांबवलं. मग दोन्ही हात जमिनीला टेकवत, कशाबशा उठल्या.

"चुकलं बाई," त्या म्हणाल्या. "उठली, पाहा."

"बाहेर बसा त्या धोंड्यावर. अन् इकडून या, उभं गवत तुडवू नका."

मॅडम तिनं दाखवलेल्या वाटेनं, एकेक काडी बाजूला सारत बाहेर आल्या. धोंड्यावर बसल्या. ती बाई त्यांच्याकडे आणखी एकदा रागानं बघून कापणीला लागली. विळ्याचा आवाज सुरू झाला. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. मॅडमच्या पातळाला, केसांना कुसळं चिकटली होती. ती झटकायचं त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. चपला मांडीवर घेऊन मॅडम त्या बाईकडे पाहत होत्या, आणि इतकं हसू मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं.